करवंटीच्या आतलं रक्त

माणसाच्या डोक्यात रक्त सांडायच्या जागा चार, हे मला मालवणातल्या एका डॉक्टरने अर्धा नारळ हातात धरून शिकवलं. ते मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. आमच्या वाडीत मात्र त्या काळी दोनच प्रकार होते. रक्त दिसलं तर ती जखम आणि नाही दिसलं तर तो देवचार, वाडीची सीमा राखणारं भूत. जखमेला हळद, देवचाराला कोंबडा. दोन्ही घरात असायचं, त्यामुळे डॉक्टरची गरज फक्त मेल्यावर दाखल्यासाठी पडायची.

आमची वाडी म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये सांडलेली वाळूची एक ओंजळ. इतकी अरुंद, की माणूस झोपेत कुशीवर वळला तर पाय खाडीत आणि डोकं समुद्रात. (हे मी बाजारात सांगायचो आणि लोक पैज लावून बघायला यायचे.) मी तेव्हा मालवणच्या बाजारात सायकलच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर पंक्चर काढायची आणि गजाली सांगायच्या. पंक्चर कधीकधी टिकायचं नाही, पण गजाल वेंगुर्ल्यापर्यंत टिकायची. एका माशाने माझा हवा भरायचा पंप गिळला आणि तो फुगून दीपस्तंभाएवढा झाला, ही गजाल मी खुद्द डॉक्टरांना त्यांच्या सायकलचं चाक फिरवता फिरवता सांगितली होती. डॉक्टर मुंबईत शिकलेले, बारीक, चष्म्याआडून माणसाला एक्स-रेसारखे बघणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग मासा गेला कुठे?" मी म्हटलं, "उडाला." तेव्हापासून त्यांच्या लेखी माझ्या शब्दाची किंमत काय होती, ते पुढे कळेलच.

माझा थोरला भाऊ, दादा, तांडेल होता. मचवा शेटचा, सुकाणू दादाचं. शेट म्हणजे आमच्या वाडीचा अन्नदाता. मीठ, कौलं, सुकी मासळी असा त्याचा उघड धंदा होता, आणि न उघडा धंदा सगळ्यांनाच माहीत होता. मुंबई राज्यात दारूबंदी. खाली तेरेखोलच्या पलीकडे फिरंग्याचं राज्य, तिथे काजूची फेणी पाण्यासारखी. दोघांच्या मध्ये फक्त समुद्र, आणि समुद्राला नाकी नसतात. मचवा कौलं आणायला म्हणून जायचा आणि कौलांच्या खाली गवतात गुंडाळलेले काचेचे बुधले यायचे. वाडीत त्याला 'माल' म्हणत. दादा स्वतः थेंब पीत नसे. त्याला वासानेसुद्धा मळमळायचं. अख्ख्या किनाऱ्यावर फेणी पोचवणारा माणूस पन्ह्यावर दिवस काढायचा, ही एवढी एक गोष्ट मी न फुगवता सांगतो, कारण फुगवायला जागाच नाही.

शिमगा सरला आणि दादा एका फेरीहून परतला तो डोक्याला मुंडासं बांधून. उजव्या कानाच्या वर टेंगूळ होतं. एवढं मोठं, की त्यावर कावळा बसून समुद्र न्याहाळू शकला असता. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, आढ्याला डोकं आपटलं. आमचं आढं त्याच्या डोक्यापासून चांगलं हातभर वर होतं. ते गाठायला त्याला उडी मारावी लागली असती. पण रक्त आलेलं नव्हतं. वहिनीने हळद थापली, टेंगूळ बसलं, विषय मिटला. दादा पुन्हा मचव्यावर गेला, पुन्हा माल आला.

मग आंब्याचे दिवस आले आणि दादा बिघडायला लागला.

आधी डोकं दुखायचं. पहाटे उठून कपाळ धरून खळ्यात बसायचा. मग झोप. जेवता जेवता घास हातात तसाच राहायचा आणि हा पेंगायचा. समुद्रातला एकेक खडक ज्याला भावकीसारखा ओळखीचा, तो एकदा भर दुपारी वहिनीला विचारता झाला की मालवण खंय इला? डावा हात तांब्या सोडून द्यायला लागला. डावा पाय वाळूत रेघ ओढत चालायला लागला. आणि मध्येच दोन-तीन दिवस असे यायचे, की माणूस लख्ख. हसायचा, जाळं विणायचा, मला शिव्या घालायचा. आम्हाला वाटायचं सुटला. की पुन्हा धुकं.

आता असं चढणं-उतरणं वाडीत कोण करतं? देवचार. त्यात कुणाला शंका नव्हती. सीमेवरच्या वडाखाली त्याचं ठिकाण. एका तिन्हीसांजेला मानकरी, शेट, मचव्यावरचे चौघे खलाशी आणि कोंबडा धरायला मी, असे आम्ही तिकडे गेलो. बायकांनी तिथे यायचं नसतं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मानकरी हात जोडून देवाला सगळी हकीकत एकेका वाक्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते म्हणावं लागत नाही, तोंडातून येतंच. आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही. फौजदाराशी खोटं बोला, बायकोशी बोला, सायकलवाल्याशी बोला. देवचाराला मात्र खरी हकीकतच द्यावी लागते, नाहीतर तो चुकीच्या माणसाला सोडतो.

तर मानकऱ्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, सीमेच्या राखणदारा, ह्यां तुजां लेकरू आजारी पडलां आसा."

"व्हय म्हाराजा."

"शिमगो सरल्यार माल घेवन येताना तेच्या डोक्यार परबाण पडलां."

"व्हय म्हाराजा."

माझ्या हातातला कोंबडा सुटता सुटता राहिला. परबाण म्हणजे शिडाचा आडवा वासा, दोन माणसांना उचलत नाही असला. ते दादाच्या डोक्यावर पडलं होतं. तो घटकाभर मेल्यासारखा पडला होता, उठून ओकला होता आणि मग मचवा घेऊन घरी आला होता. हे सगळं मानकऱ्याने सविस्तर सांगितलं, आणि ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं त्या चौघांनी आणि शेटने त्यावर व्हय म्हाराजा म्हटलं. देवचाराला रोग्याचा संपूर्ण इतिहास मिळाला, बाजू, वेळ, ओकारी सगळं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा इतका व्यवस्थित कुणी देत नाही.

देवचाराने कोंबडा घेतला आणि इतिहासाचं काही केलं नाही.

दादाचा डावा हात पार लोंबायला लागला, तेव्हा वहिनी हट्टाला पेटली आणि त्याला होडीतून मालवणला आणलं. शेट स्वतः बरोबर आला. केवढा मोठा मनाचा माणूस, असं बाजार म्हणाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात तो खुर्चीवर बसला, दादाला बाकावर निजवलं, वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. मी दुकान सोडून धावलो. डॉक्टरांनी दादाच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्लीचं टोक ओढलं, डोळ्यात दिवा घालून बराच वेळ आत बघत राहिले. मग विचारलं, "डोक्याला काही लागलं होतं का? पडले होते? महिना-दोन महिन्यांपूर्वीसुद्धा असेल."

शेट लगेच म्हणाला, "छे छे, डॉक्टरसाहेब. काही नाही." कचेरीत गेल्यासारखं शुद्ध मराठी.

डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने शेटकडे बघितलं. मान हलवली, नाही म्हणून. टेंगळावर हळद जिने थापली तिने.

तिला का दोष द्यावा? डोक्याला मार म्हटलं, की सरकारी हॉस्पिटलात ती पोलीस केस. कुठे लागलं, मचव्यावर. मचव्यात काय होतं, कौलं. कौलांखाली काय होतं? मग दादा तुरुंगात, चौघे खलाशी तुरुंगात, शेट जामिनावर, आणि वाडीतल्या निम्म्या चुली थंड. शेटने होडीत तिला हे येता येता सगळं गोड आवाजात समजावलं होतं. नवरा आजारी परवडला, कैदी नको, अशी ती मान हलवत होती.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हटलं, "डॉक्टर, परबाण पडलां डोक्यावर. उजवीकडे. मी कानांनी ऐकलंय."

शेट इतक्या मनापासून हसला, की बाहेर बसलेले रोगीही हसायला लागले. "डॉक्टरसाहेब, हेचा काय मनावर घेव नकात," इथे तो शुद्ध मराठी विसरला. "हेच्या पंपाचो मासो उडालो तो तुमका म्हायती नाय काय?"

डॉक्टरांना मासा माहीत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत राग नव्हता, हिशेब होता. मी ऐकलं म्हणतो, पाहिलं नाही. बायको नाही म्हणते. मालक नाही म्हणतो. आयुष्यभर थापांवर लोकांनी मला चहा पाजला आणि एका खऱ्या वाक्यावर हाकलून दिलं. याला मी अन्याय म्हणतो. अजून म्हणतो.

पण डॉक्टर मोठे चिवट. टेबलाखाली रोग्यांनी दिलेले नारळ पडले होते. त्यांनी एक फोडायला सांगितला, अर्धी वाटी हातात घेतली आणि वहिनीला जवळ बोलावलं. शेटला नाही, मला नाही, तिला.

म्हणाले, "हे बघा बाई. ही करवंटी, म्हणजे कवटी. आत मेंदू, म्हणजे खोबरं. मध्ये पडदे असतात. पहिला जाड, चामड्यासारखा. त्याच्या आत दुसरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ."

मी म्हटलं, नारळात एवढे पडदे नसतात. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी दारात उभा राहिलो, म्हणजे अर्धा बाहेर.

"रक्त कुठे साचलंय, यावर आम्ही नाव देतो. करवंटी आणि जाड पडदा यांच्यामध्ये साचलं, तर तो प्रकार घाईचा. माणूस लागल्यावर बेशुद्ध होतो, उठतो, बोलतो, आणि काही तासांत जातो. तुमचे यजमान कित्येक आठवड्यांपासून आजारी आहेत, म्हणजे तो नव्हे. पातळ पडद्याच्या आत पसरलं, तर डोक्यात अचानक वीज पडल्यासारखी कळ येते, मान ताठते. यांची मान मऊ आहे. तोही नव्हे." डॉक्टर खोबऱ्यावर बोट टेकवून थांबले. "उरले दोन. एक म्हणजे खोबऱ्याच्या आतच शीर फुटली. ते बहुतेक रक्तदाबाने होतं, मार लागावा लागत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, कुणाकडेच फारसा नाही. रोग्याला हलवायचं नाही, पडू द्यायचं आणि वाट बघायची."

"नि दुसरो?" वहिनीने विचारलं.

"दुसरा म्हणजे जाड पडद्याच्या खाली, हळूहळू झिरपलेलं. टोला बसतो, माणूस विसरूनही जातो, आणि रक्त आठवडे-आठवडे थोडं थोडं साचत राहतं. कधी बरं वाटतं, कधी बिघडतं. त्याला उपाय आहे. घाटावर सर्जन आहेत, ते कवटीला भोक पाडून ते रक्त सोडतात आणि माणूस उठून बसतो. पण त्यासाठी त्यांना फोंडा घाट चढवून न्यायला हवं. आत शीर फुटली असेल आणि मी त्या रस्त्याने पाठवलं, तर धक्क्यांनी ते वाटेतच जातील. आणि पडद्याखाली असेल आणि मी इथेच निजवून ठेवलं, तर इथे जातील."

"मगे खंयचो प्रकार?"

"ते मला बाहेरून दिसत नाही, बाई. टोला बसला होता की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं."

सायकलवाल्याला हे लगेच कळतं. एक टायर रस्त्यात फटकन फुटतं, दुसरं संध्याकाळी टणक असतं आणि सकाळी बसलेलं. दुसऱ्याला खिळा कधी लागला, हे चालवणाऱ्याने सांगितलं तर बरं पडतं. हे मी दारातून सांगितलंही. कुणी लक्ष दिलं नाही.

वहिनीने पुन्हा शेटकडे बघितलं. शेट म्हणाला, हलवायचं नाही म्हणतात ना डॉक्टर, मग नाहीच हलवायचं. देव बघून घेईल. दादाला दवाखान्यामागच्या खोलीत निजवलं आणि शेट जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वहिनीला 'बाय' म्हणून हाक मारत होता. बाय म्हणजे आमची मेलेली बहीण. मग हाक मारायचाही थांबला. हलवला तर डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. उजवा डोळा मला डाव्यापेक्षा मोठा दिसायला लागला होता. मी डॉक्टरांना बोलावलं तर ते आधीच दारात उभे, चष्मा हातात घेऊन. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी माझ्या कुठल्याच गजालीत कधी वापरलं नाही.

मचव्यावरचे चौघेही तांडेलाला बघायला आले होते. अंगणात उकिडवे बसले होते, पटके हातात. शेट पायरीवर. सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी. वाडीत कुणाची म्हैस व्याली तरी चार दिवस बोलणारी माणसं ती. त्यांच्या जिवाभावाचा तांडेल आत मरत होता आणि ती वाळूकडे बघत होती.

वहिनी खोलीतून बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला, कमरेला खोचला. डॉक्टरांच्या समोर, दोन हातांवर, उभी राहिली आणि हात जोडले. मला वाटलं पाया पडतेय. डॉक्टरांनाही तसंच वाटलं, ते मागे सरले.

आणि तिने सुरू केलं. मानकऱ्याच्या आवाजात. तोच हेल, तीच उतरती शेपटी. बायकांना तिथे जायची बंदी, पण वारा वाडीत येतो, आणि दर वर्षी वाऱ्यावर आलेलं गाऱ्हाणं ती चुलीपुढे बसून ऐकत आली होती. दादासाठी घातलेलंही तिने तसंच ऐकलं होतं.

"बा डॉक्टरा म्हाराजा, ह्यो माजो घोव तुज्या उंबऱ्यार आणून ठेवलंय."

मग अंगणातून, खाली माना घालून, चौघांच्या तोंडून एकदम आलं, "व्हय म्हाराजा."

ते त्यांनी म्हटलं नाही. ते त्यांच्यातून निघालं, जसा ढेकर निघतो.

"शिमगो सरल्यार शेटाचो माल घेवन ह्यो फिरंग्याच्या मुलखातसून येय होतो."

"व्हय म्हाराजा."

"येताना दोरी तुटली आणि परबाण हेच्या डोक्यार पडलां. उजवे बाजूक, कानाच्या वर."

"व्हय म्हाराजा." आणि या वेळी सगळ्यात मोठा आवाज शेटचा होता. मी थाप मारत नाही. गाऱ्हाण्यात पहिला मान त्याच्या घराण्याचा, व्हय म्हाराजा पहिल्यांदा त्याच्या घराने म्हणायचं. बिचाऱ्याच्या सात पिढ्या त्याच्या घशात उभ्या राहिल्या. हात जोडून, डोळे मिटून त्याने म्हटलं, आणि मग डोळे उघडले.

"घटकाभर मेल्यासारखो पडलो, वकलो, मगे उठान मचवो घराक हाडल्यान. ह्यात जर एक शब्द खोटो आसात, तर माजी जीभ झडांदे."

चौघे रडत होते आणि व्हय म्हाराजा म्हणत होते. शेट पायरीवरून उठला होता.

डॉक्टर मुंबईचे असले तरी मूर्ख नव्हते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माल म्हणजे काय, तेसुद्धा नाही. आत गेले, सर्जनसाठी कागद लिहिला, आणि मला बोलावून म्हणाले, "कुणी विचारलं तर माडावरून पडले. मीही तसंच लिहिलंय."

माडावरून पडले! आमच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्याआधी कुणी ना कुणी माडावरून पडतंच. पोलीससुद्धा त्याला माडाचाच गुन्हा समजतात. शेटने पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसून एवढंच म्हटलं असतं, तर दादा तेव्हाच घाट चढला असता. अख्खी वाडी थापाड्यांची, मी त्यांचा मुकुटमणी, आणि त्यातल्या एकालाही कामाची थाप सुचू नये! ती सुचली कुणाला, तर खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला.

आंब्याच्या पेट्या घेऊन एक ट्रक कोल्हापूरकडे निघाला होता. पेट्यांवर गवत अंथरलं आणि त्यावर दादा. डोकं वहिनीच्या मांडीत, पाय माझ्या. फोंडा घाटाबद्दल मी नंतर पुष्कळ काही सांगितलं आहे, ट्रक उलटा धावला, वाघाने चाक चाटलं वगैरे. खरं एवढंच, की प्रत्येक वळणावर वहिनी दादाच्या नाकाखाली बोट धरायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो.

सर्जनने कागद वाचला, उजव्या कानाच्या वरचे केस काढले आणि सुताराच्या गिरमिटासारख्या हत्याराने भोक पाडलं. आत होता त्या वॉर्डबॉयने मला सांगितलं, की जाड पडद्याला चीर दिल्याबरोबर काळंलाल पाणी उडालं. लाल रक्त नव्हे. जुनं, पातळ, आगळासारखं. कोकमाचं आगळ बरणीत ठेवून विसरलं की होतं तसलं. चौथ्या प्रकारचं. वॉर्डबॉय पेलाभर म्हणाला, मी वाडीत घागरभर सांगितलं, आणि या एका बाबतीत मला कुणी थापाड्या म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने डोळे उघडले, डावा हात उचलला, स्वतःच्या हाताकडे नवलाने बघितलं. पहिलं वाक्य बोलला, "मचवो खंय आसा?"

वहिनी इतकी हसली, की परिचारिका तिला रागावली.

इथे थांबलो असतो, तर ही माझी सगळ्यात चांगली गजाल झाली असती. बाजारात मी ती इथेच थांबवायचो.

आम्ही परत आलो तेव्हा मचवा दुसऱ्या तांडेलाच्या हातात होता. पोलीस आले नव्हते, कुणी तुरुंगात गेलं नव्हतं, एकही बुधला फुटला नव्हता. शेटचं एका फेरीचंसुद्धा नुकसान झालं नव्हतं. पण शेटने दादाला बोलावून सांगितलं, की ज्याच्या घरची बायको पुरुषांत उभी राहून गाऱ्हाणं घालते, त्याच्या हातात सुकाणू देता येत नाही, खलाशी ऐकणार नाहीत. तेच खलाशी, जे अंगणात रडले होते. मानकरी म्हणाला, देवाचे शब्द माणसापुढे वापरले, वाडी बाटली. त्यासाठी आणखी एक कोंबडा घेतला. तो मीच धरला होता. माल आणण्याने वाडी बाटली नव्हती.

आणि दादा? दादाने सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन वहिनीला एवढंच म्हणाला, "मेलंय आसतंय तर बरां झाला आसता. तांडेल म्हणान मेलंय आसतंय."

तिने त्याच्यापुढे पेज ठेवली. "जेव आदी," म्हणाली. "मगे मर."

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. पेज वाढ, गोरवां बांध, खुंटीवरचो कंदील दी. जाळी विणायचा, लोकांच्या होड्यांना डांबर लावायचा. हात बरा झाला होता, पाय बरा झाला होता, बुद्धी पहिल्यासारखी तल्लख. डॉक्टरांच्या चारी प्रकारांतून तो सुटला होता. हा जो पाचवा, तो कुठल्या पडद्याखाली साचतो, ते मी डॉक्टरांना एकदा विचारलं. सायकलच्या घंटीला तेल घालत होतो. ते म्हणाले, घंटी नीट वाजते का बघ.

पुढे फिरंगी गेले, आणि मालाची वाट बंद झाली. मग दारूबंदी सैल झाली, तेव्हा शेटच्या मुलाने परवाना काढून बाजारात दुकान थाटलं, बाहेर पाटी लावून. जे लपवायला माझा भाऊ मरायला ठेवला होता, ते आता काचेच्या कपाटात रांगेने उभं होतं. दादा त्या दुकानावरून चालत जायचा, मान न वळवता. डोक्यावर नेहमी टोपी. भोकाच्या जागी कवटी भरून आली नव्हती. बोट टेकवलं तर आत जाईल असा खळगा होता. उकाड्यातसुद्धा त्याने टोपी काढली नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, देवचाराने बोट टेकवलं होतं, त्याची खूण.

लोकांना ते फार आवडलं. मी जन्मभर थापा मारल्या, पण इतकी टिकाऊ थाप मला जमली नाही. बघता बघता ती वाडीची हकीकत झाली. वर्षाच्या गाऱ्हाण्यात मानकरी घालायला लागला, की परबाण पडलां तरी तू तुज्या तांडेलाचो जीव राखलंस. आता परबाणाचं नाव काढायला कुणाला भीती नव्हती. पुरुषांच्या रांगेत, शेटच्या मुलाच्या मागे, दादा हात जोडून उभा असायचा आणि खणखणीत आवाजात व्हय म्हाराजा म्हणायचा.

अशाच एका वर्षी मी मुद्दाम रांगेतून मागे राहिलो. वाटेवर वहिनी पाण्याची कळशी काखेत घेऊन उभी होती, जिथपर्यंत बायकांनी यायचं असतं तिथे. वारा तिच्याकडेच येत होता. 'तांडेलाचो जीव राखलंस' आणि मागोमाग सगळ्यांचा आवाज, त्यात दादाचा वेगळा कळत होता. मला संताप आवरेना. म्हटलं, "वयनी, आयकतस मां? देवचाराक देता सगळां. लाज कशी वाटणा नाय हेका?"

तिने कळशी दुसऱ्या काखेत घेतली.

"म्हणांदे रे भावजी," म्हणाली. "डोक्याचां भोक कोणी पाडूक लायलां ता तेका म्हायती आसा. म्हणान तर माज्यासमोर टोपी काडीत नाय."

आणि ती घराकडे वळली. पेज चुलीवर होती, दादा येईपर्यंत ती निवून चालली नसती.